फिरतं घर आणि आनंदाचं पाचवं रहस्य



दैवी करुणेच्या रविवारी आम्ही दोघंही धर्मशिक्षणाच्या वर्गाला नव्हतो. मुलांनी चौकशी केली, पालकांनीही केली. "फिरायला गेलो होतो," असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आज ते नीट सांगायचं ठरवलं आहे, कारण त्या फिरण्यात आम्हांला जे शिकायला मिळालं ते आमच्यापुरतं ठेवण्यासारखं नाही.

आमच्या घरात आम्ही दोघं आणि तीन मुलं. थोरली चौदा वर्षांची, मधला मुलगा अकरा पूर्ण करून बाराव्यात लागलेला, आणि धाकटी सात वर्षांची. गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्ही सहाजण होतो. सहावी म्हणजे आजी. आमच्यातल्या एकाची ती आई आणि दुसरीची सासू, पण घरात ती सगळ्यांचीच आजी होती. तिचं माहेर वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रकाठच्या एका वाडीतलं. लग्न होऊन ती साखळीला आली आणि वाळवंटी नदीच्या काठी तिचं आयुष्य गेलं. नदी तिला आवडायची, पण ती म्हणायची, "न्हंयचा पाणी ग्वाड. माका खाऱ्या पाण्याची सय येता." शेवटच्या काही वर्षांत तिचं एकच मागणं होतं: "माका एकदा म्हायराक घेवन चला रे."

साखळीहून वेंगुर्ला म्हणजे काही दूरदेश नव्हे. दोन-अडीच तासांची वाट. पण आमचं उत्तर ठरलेलं होतं, "नंतर जाऊ." २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा घरात पैशांची ओढाताण होती. खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ साली परत थांबल्या. मग टाळेबंदी आली. मग थोरलीच्या परीक्षा, मग आजीचे गुडघे. प्रत्येक वेळी कारण खरंच असायचं. गेल्या ऑगस्टमध्ये एका पहाटे आजी झोपेतच प्रभूकडे गेली आणि आमचं 'नंतर' तिथेच संपलं.

आमच्या घरी रात्री रोझरी होते. पहिली दोन दशकं आम्ही दोघं म्हणायचो, तिसरं थोरली, चौथं मुलगा आणि पाचवं आजी. आजी गेल्यावर मुलगा प्रार्थनेला बसायचा, पण तोंड उघडायचा नाही. आम्ही समजावलं, रागावलो, फादरांशी बोलायला लावलं. शेवटी एकदा तो एवढंच बोलला, "मी आजीसाठी रोज प्रार्थना केली होती." पुढे काही नाही. चौथं आणि पाचवं दशक आम्हीच म्हणू लागलो. रविवारी दुसऱ्यांच्या मुलांना प्रार्थना शिकवायची आणि घरी आपलाच मुलगा गप्प, हे ओझं घेऊन आम्ही सात-आठ महिने वर्गात उभे राहत होतो.

आमच्या मेहुण्यांकडे एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. एके काळी ती खाणीवरच्या कामगारांची ने-आण करायची. काम थांबल्यावर त्यांनी तिच्या मागच्या सीट काढल्या, प्लायवूडचे दोन बाक ठोकले, त्यांवर गाद्या घातल्या आणि खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे लावले. एक छोटा गॅस, पाण्याचे दोन कॅन आणि वर बांधलेली ताडपत्री. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यातल्या गाड्यांत न्हाणीघरापासून सगळं असतं म्हणे. आमच्या गाडीत बादली होती. धाकटीने तिचं नाव 'फिरतं घर' ठेवलं. ईस्टर झाल्यावर मेहुणे म्हणाले, "गाडी उभीच आहे. मुलांना घेऊन जा कुठेतरी." कुठे जायचं ते आम्हांला विचारावं लागलं नाही.

बुधवारी सकाळी निघालो. डिचोली, अस्नोडा, मग कोलवाळच्या पुलावरून शापोरा ओलांडून पेडणे तालुका. मोपाच्या विमानतळावर उतरणारं विमान डोक्यावरून गेलं तशी धाकटी खिडकीतून हात हलवू लागली. दुपारी केरीला पोहोचलो तर ओहोटी लागलेली आणि फेरीबोट थांबलेली. तेरेखोलच्या मुखाशी वाळू साचते, पाणी उतरलं की बोट रुतायची भीती. वर किरणपाणीला पूल आहे, तिथून आरोंद्याला जाता आलं असतं. पण मुलांना फेरीच हवी होती. थांबायचं की वळायचं यावरून आम्हां दोघांत चांगली खडाजंगी झाली, तीही मुलांदेखत. शेवटी थांबलो.

पाण्याकडे बघत मुलाने विचारलं, "आजीच्या वेळी ही फेरी होती?"

"होती."

"मग तिला का नाही आणलं?"

आमच्यापैकी कुणीच उत्तर दिलं नाही. भरती येईपर्यंत गाडीत कुणी फारसं बोललं नाही.

तेरेखोल हा गोव्याचा नदीपलीकडे उरलेला तुकडा. किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ साली तो पोर्तुगिजांनी घेतला. १९५४ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला होता. किल्ल्यात संत अंतोनी यांचं चर्च आहे. दार बंद होतं, म्हणून आम्ही बाहेरच उभं राहून प्रार्थना केली. संत अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतात हे धाकटीला ठाऊक आहे, तिची पेन्सिल त्यांनी दोनदा शोधून दिली आहे. तिने विचारलं, "माणसं हरवली तर?" थोरली म्हणाली, "माणसंसुद्धा." आम्ही हसलो आणि पुढे निघालो.

गुरुवारी रेडीवरून शिरोड्याला आलो. १९३० साली इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० साली याच गावात शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. आम्ही दोघंही मराठी घेऊन बी. ए. झालेलो, त्यामुळे त्या गावात जरा जास्तच रेंगाळलो आणि मुलं कंटाळली. वेंगुर्ल्याला मात्र ती उतरली, कारण आजीचा जन्म तिथल्या मिशनच्या दवाखान्यातला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने वेंगुर्ल्यात रुग्णसेवेचं मोठं काम उभं केलं. तिथले डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला. पुढे तो अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात भारतात अमेरिकेचा राजदूत. थोरली म्हणाली, "म्हणजे आजी आणि तो राजदूत एकाच गावचे!" आजीला हे ऐकून भारी गंमत वाटली असती. आम्ही कॅथलिक, ते प्रॉटेस्टंट, पण अडलेल्या बाळंतिणीला त्या दाराशी कुणी पंथ विचारला नाही, ही गोष्ट आजीने आम्हांला शंभर वेळा सांगितली होती.

रात्रीला वायंगणीच्या किनाऱ्यावर आलो. एका खानावळवाल्या बाईंनी सुरूच्या झाडांखाली गाडी लावू दिली आणि न्हाणीघर वापरायला दिलं. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवं अंडी घालतात आणि गावकरी ती जपतात. बाईंच्या यजमानांनी मुलांना सगळं समजावून सांगितलं. मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पाण्यात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि आपली आपण समुद्राकडे चालू लागतात.

"आणि आई?" मुलाने विचारलं.

"ती परत येणा नाय रे."

त्या रात्री मुलगा नेहमीपेक्षाही गप्प होता. आम्ही दिवसभराच्या प्रवासाने थकलो होतो. कसला विचार करतोस, हे विचारलं नाही. सकाळी विचारू म्हटलं.

शुक्रवारी साडेपाचच्या सुमारास जाग आली तेव्हा गाडीचं दार अर्धवट उघडं होतं आणि मुलाची जागा रिकामी.

न्हाणीघरात बघितलं, नाही. सुरूच्या बनात हाका मारल्या, नाही. मग बॅटरी घेऊन वाळूवर उतरलो, आणि पाण्याच्या अगदी कडेला त्याच्या चपला दिसल्या. दोन्ही चपला, एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या.

वाचकहो, त्यापुढचा अर्धा-पाऊण तास आम्हांला नीट सांगता येत नाही. मुलींना बाईंच्या हवाली केलं. आमच्यातला एकजण उत्तरेकडे धावला, दुसरी दक्षिणेकडे. हरवलेल्या मेंढराचा दाखला आम्ही पंधरा वर्षं शिकवतो आहोत. फळ्यावर चित्र काढतो, मुलांकडून नाटुकलं करून घेतो. त्या दाखल्यातला मेंढपाळ आमच्या चित्रात नेहमी शांत असतो. खरं शोधणं तसं नसतं. तोंडाला कोरड पडते, पाय वाळूत रुततात, आणि प्रार्थना म्हणून तोंडातून नुसतं मुलाचं नाव येत राहतं. संत अंतोनींचं नाव घ्यायचंसुद्धा आठवलं नाही. ते मागे धाकटी घेत होती, बाईंच्या ओटीवर बसून, हे नंतर कळलं.

उजाडता उजाडता किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला माणसांची रांग दिसली. रापण लागली होती. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: रापणीचं लांबच लांब जाळं होडीतून समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात, आणि दोन रांगा करून माणसं ते ओढत राहतात. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. वीस-पंचवीस माणसं लागतात, आणि मासळीचे वाटे पडतात. त्या रांगेत, एका म्हाताऱ्या रापणकराच्या मागे, चड्डीपर्यंत भिजलेला आमचा मुलगा दोर ओढत होता.

आम्ही त्याच्यापाशी पोहोचलो. खरं तर त्याला मिठी मारायची होती, पण हात वर गेला तो मारायला. हे लिहिताना लाज वाटते. त्या म्हाताऱ्याने दोर न सोडता दुसऱ्या हाताने आमचं मनगट धरलं आणि म्हणाला, "मारतास कित्याक झिलाक? तो हयच होतो. चुकलास ता तुमी."

हात खाली आला. मुलगा रडला नाही. तो म्हणाला, "आजीचे बाबा रापण ओढायचे. आजीपण लहानपणी ओढायची. आवाज आला म्हणून बघायला आलो."

"मग आम्हांला उठवायचं ना!"

"उठवलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, नंतर जाऊ."

या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. जे बोललो ते एवढंच: "आमचं चुकलं. आजीच्या बाबतीतही चुकलं. आम्हांला माफ कर." आम्ही वाळूत बसून रडलो, तेव्हा तोही रडला. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. रापणकरांनी आमच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही, त्यांचं जाळं जवळ आलं होतं. मग त्या म्हाताऱ्याने हाक मारली, "इलात तर दोर तरी धरा!" आम्ही उठलो आणि तिघांनी मिळून दोर ओढला.

जाळ्यात फार नव्हतं. थोडे बांगडे, तारली आणि बरंच शेवाळ. पण दोराला हात लागला त्याला वाटा, असं म्हणून त्यांनी मुलाच्या हातात पाच बांगडे ठेवले. त्याने ते मोजले आणि म्हणाला, "बरोबर पाच. आपल्याला पुरतील." बाईंच्या चुलीच्या निखाऱ्यावर ते भाजले, मीठ आणि तिखट लावून. खाता खाता थोरली म्हणाली, "आज शुक्रवार ना? आज मिस्सेत तीच सुवार्ता असेल." ईस्टर अष्टकातल्या शुक्रवारी योहानाच्या एकविसाव्या अध्यायातला तो प्रसंग वाचला जातो. रात्रभर काही न मिळालेले शिष्य, किनाऱ्यावर पेटलेले कोळसे, त्यांवरची मासळी, आणि त्यांना न्याहारीला बोलावणारा पुनरुत्थित प्रभू. त्या दिवशी आम्हांला मिस्सेला जाता आलं नाही. पण प्रभूला नाकारून बसलेल्या पेत्राला प्रभूने आधी खायला घातलं आणि मग प्रश्न विचारला, ही गोष्ट आम्हांला बांगड्याचे काटे काढता काढता पहिल्यांदा नीट उमजली. आम्ही मुलाला आठ महिने नुसतेच प्रश्न विचारत होतो.

त्या दिवशी मालवणला गेलो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग मुलांनी होडीतून जाऊन पाहिला. आजीची वाडी आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती, मनात भीती होती म्हणून. शनिवारी संध्याकाळी तिथे पोहोचलो. तिचं घर आता उभं नाही. जोतं आहे, एक माड आहे आणि पुढे समुद्र. जोत्यावर चटई टाकून रोझरीला बसलो. शनिवार म्हणजे आनंदाची रहस्यं. पहिली दोन दशकं आम्ही म्हटली, तिसरं थोरलीने. चौथ्याला आम्ही सुरुवात करणार तोच धाकटी म्हणाली, "हे आता माझं." चुकत-माकत तिने पूर्ण केलं. मग क्षणभर शांतता. मुलाने खिशातून आजीची जपमाळ काढली. ती कपाटातून गेलेली आम्हांला ठाऊकच नव्हती. तो म्हणाला, "पाचवं आजीचं. मी म्हणतो."

आनंदाचं पाचवं रहस्य म्हणजे बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो. लूकने ही गोष्ट दुसऱ्या अध्यायात लिहिली आहे. वल्हांडणाच्या सणाहून परतणारा यात्रेकरूंचा तांडा, आणि मुलगा तांड्यात कुठेतरी असेलच असं धरून दिवसभर चाललेले मरिया आणि योसेफ. आम्ही ही गोष्ट वर्गात अनेकदा सांगितली आहे, पण त्यातली एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती. ते बेफिकीर आईबाप नव्हते. तो सोबत आहे असं त्यांनी गृहीत धरलं होतं, एवढंच. आम्हीही तेच केलं. आजी घरात आहे, म्हणजे सोबत आहे, असं धरून वर्षानुवर्षं चालत राहिलो. मुलगा रोझरीला बसतो, म्हणजे सोबत आहे असं धरलं. एका छपराखाली राहून माणूस मागे राहून जातो आणि आपल्याला एक अख्खा दिवस चालून झाल्यावर कळतं.

आणि तो सापडल्यावर? मरियेने विचारलं, तिला उत्तर मिळालं, आणि ते उत्तर तिला समजलं नाही. पण तिने त्याला गप्प बसवलं नाही. सगळं मनात जपून ठेवलं. त्या म्हाताऱ्या रापणकराने लूकचं शुभवर्तमान वाचलं असेल की नाही देव जाणे. तो हिंदू असावा, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. पण पोर हरवलेलं नाही, शोधणारेच वाट चुकले आहेत, हे त्याला दिसलं. प्रभू कुणाच्या तोंडून बोलेल हे आपण ठरवू शकत नाही.

रविवारी तिथल्याच चर्चमध्ये मिस्सा ऐकली. आजी होती तेव्हा तो भाग पुणे धर्मप्रांतात होता. २००५ पासून तिथे स्वतंत्र सिंधुदुर्ग धर्मप्रांत आहे आणि सावंतवाडीला त्याचं कॅथेड्रल. मृतांसाठीच्या विनंतीत आजीचं नाव घेतलं गेलं. सोमवारी साखळीला परतलो.

मुलाचे प्रश्न संपलेले नाहीत. "प्रार्थना केली तरी आजी का गेली?" हे तो अजून विचारतो, आणि आम्ही आता घाईने उत्तर देत नाही. आम्हांलाही ते पुरतं समजलेलं नाही, असं त्याला सांगतो. तो रोझरीत पाचवं दशक म्हणतो. एवढ्यासाठी आम्ही देवाचे आभार मानतो.

एक विनंती करून थांबतो. मेहुण्यांशी बोलून ठरवलं आहे की महिन्यातल्या एका शनिवारी ते फिरतं घर आपल्या धर्मग्रामासाठी असेल. तुमच्या घरात कुणी आजी-आजोबा असतील, ज्यांना एकदा माहेर, एकदा जुनं चर्च, एकदा समुद्र बघायचा असेल, तर मिस्सेनंतर आम्हांला भेटा. गाडीत चढायला स्टूल ठेवला आहे. गुडघ्यांची काळजी करू नका. आणि मुलांना बरोबर आणा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकायला कुणीतरी असेल.

हे प्रभू येशू, तूही एकदा आईबापांच्या शोधण्यात सापडला होतास. आमच्या घरात राहूनही आम्ही ज्यांना मागे सोडलं आहे, त्यांच्यापर्यंत आमचे पाय वळव. जे तुझ्याकडे आले आहेत त्यांना तुझ्या किनाऱ्यावर विसावा दे. आणि जे आज आमच्यासोबत आहेत, त्यांना 'नंतर' म्हणण्यापासून आम्हांला वाचव. आमेन.